रिकाम्या पेटीचा इतिहास

१९७५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' ह्या मासिकाच्या मुखपृष्ठावर एका पेटीचे चित्र झळकले. दर्शनी बाजूस खटक्यांची रांग, त्यांच्या वर बारीक दिव्यांच्या ओळी आणि 'आल्टेअर ८८००' हे नाव. सामान्य माणसाने घरी ठेवावा असा संगणक म्हणून जगाने ज्या यंत्राकडे प्रथम कुतूहलाने पाहिले, ते हेच. न्यू मेक्सिको प्रांतातील आल्बुकर्की शहरच्या 'मिट्स' नावाच्या लहानशा कंपनीने ते घडवले होते, आणि सुट्या भागांच्या संचाची किंमत ३९७ डॉलर ठेवली होती. कंपनीचे चालक एड रॉबर्ट्‌स ह्यांनी तयार केलेला पहिला नमुना मासिकाच्या न्यूयॉर्कच्या कचेरीकडे पार्सलाने धाडला, तो वाटेतच गहाळ झाला. अंक छापायची वेळ तर टळणारी नव्हती. तेव्हा घाईघाईने एक पेटी उभी केली, तिला खटके आणि दिवे बसवले आणि तिचेच छायाचित्र छापले. आत काही नव्हते. घरगुती संगणकाच्या युगाचा आरंभ ज्या चित्रापासून मोजतात त्या चित्रात संगणक नव्हताच. होते ते नुसते खोके.

संगणकाच्या इतिहासांत ही हकीकत गमतीची म्हणून एखाद्या ओळीत येते आणि लेखक पुढे जातो. पुढे म्हणजे आतल्या चकतीकडे: ८०८० मग ६५०२, मग ८०८८, मग ३८६, मग ४८६. राजांच्या वंशावळी सांगाव्यात तसा हा इतिहास सांगितला जातो. पेटीला त्यात जागा नाही. परंतु पेशवाई ज्याला समजून घ्यायची आहे त्याने सनावळ्यांबरोबर वाड्याचा दिंडीदरवाजाही पाहावा. आत कोणाला घ्यायचे आणि बाहेर कोणाला ठेवायचे, हे दरवाजा न बोलता सांगत असतो. संगणकाच्या पेटीचेही तसेच आहे. ती कशाने उघडते, कोणाला उघडता येते आणि उघडल्यावर आत आणखी काही बसवायला जागा असते की नाही, ह्या तीन प्रश्नांच्या उत्तरांत ते यंत्र कोणाच्या मालकीचे, हे पुष्कळसे येऊन जाते.

आपल्याकडे ह्या पेटीला धड नावही मिळाले नाही. बाजारात तिला 'कॅबिनेट' म्हणतात. घरोघरी तिला सर्रास 'सीपीयू' म्हणतात. वास्तविक सीपीयू म्हणजे आतली काडेपेटीपेक्षाही लहान चकती. देवाचे नाव देव्हाऱ्याला द्यावे तसा हा प्रकार. मी ह्या लेखात तिला पेटीच म्हणणार आहे. बाजाच्या पेटीपासून चाकरमान्याच्या ट्रंकेपर्यंत ह्या शब्दाने आपल्याकडे पुष्कळ संसार सांभाळले आहेत.

आल्टेअरचा अंक निघाला आणि दोनच महिन्यांनी, ५ मार्च १९७५ रोजी, कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावी गॉर्डन फ्रेंच ह्यांच्या घरच्या मोटारखान्यात काही हौशी मंडळी जमली. 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' तो हाच. ह्या मंडळींपैकी स्टीव्ह वॉझ्निअॅक ह्यांनी पुढच्या वर्षी जे यंत्र केले, ते 'अॅपल वन'. ६६६ डॉलर ६६ सेंट मोजल्यावर गिऱ्हाइकाच्या हाती एक जोडलेला बोर्ड पडे, बस्स. कळफलक ज्याचा त्याने आणायचा, वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर ज्याचा त्याने जोडायचा, आणि पेटीही ज्याची त्याने करायची. असे सुमारे दोनशे बोर्ड झाले. कोणी ते पत्र्याच्या डब्यात बसवले, कोणी लाकडी खोके केले. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जो अॅपल वन आहे तो लाकडी पेटीतलाच. ती पेटी पाहिली की कारखान्याची आठवण होत नाही, एखाद्या हौशी माणसाने रविवारी परसात बसून केलेल्या कामाची होते. पुढे संगणकाची पेटी आपल्या मनाजोगी करून घेणे हा एक छंद झाला आणि त्याला नवलाईचे कौतुकही मिळाले. पण मुळात तो छंद नव्हता. पेटी नव्हतीच, म्हणून ती करावी लागे.

त्याच १९७६ साली 'प्रोसेसर टेक्नॉलॉजी' ह्या कंपनीचा 'सोल-२०' निघाला. त्याच्या दोन्ही बाजूंना अक्रोडाच्या लाकडाच्या फळ्या होत्या. ह्या यंत्राचे रचनाकार ली फेल्सेन्स्टाइन हे होमब्रू क्लबच्या बैठकी चालवणारे गृहस्थ. त्यांच्यावर इव्हान इलिच ह्यांच्या 'टूल्स फॉर कन्व्हिव्हिअॅलिटी' ह्या १९७३ च्या पुस्तकाचा प्रभाव होता, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. इलिच ह्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, जे अवजार वापरणाऱ्याला समजते, दुरुस्त करता येते आणि आपल्या हेतूला वळवता येते, ते माणसाला मोकळे करते. जे तसे नसते ते माणसाला आपले गुलाम करते. आपल्याकडे गांधीजींनी चरख्याविषयी जे सांगितले त्याच्या फार जवळचे हे बोलणे आहे. अक्रोडाच्या फळ्यांना इतका अर्थ चिकटवणे कोणाला अतिशयोक्त वाटेल. वाटो. फळी आवडली नाही तर दुसरी लावता येत होती, एवढे खरे.

पुढचा मार्ग मात्र दोन फाट्यांनी गेला, आणि गंमत अशी की दोन्ही फाटे एकाच घरातून निघाले. १९७७ चा 'अॅपल टू' जेरी मॅनॉक ह्यांनी आखलेल्या प्लास्टिकच्या सुबक पेटीत आला. स्वयंपाकघरातल्या उपकरणासारखा तो घरात शोभावा अशी स्टीव्ह जॉब्ज ह्यांची इच्छा होती. तो शोभलाही, आणि तरीही त्याचे वरचे झाकण नुसत्या हाताने उचलून निघे. आत आठ खाचा, त्यांत वाटेल ते कार्ड बसवावे. सात वर्षांनी, २४ जानेवारी १९८४ रोजी, त्याच कंपनीचा 'मॅकिन्टॉश' आला. त्याला खाचा नव्हत्या. त्याची पेटी उघडायला टी-१५ मापाचा तारकाकृती टोकाचा स्क्रूड्रायव्हर लागे; तोही साधा नव्हे, लांब दांड्याचा, कारण दोन स्क्रू मुठीच्या खोबणीत खोल दडवलेले होते. घरोघरी असा स्क्रूड्रायव्हर कशाला असेल? आणि ह्या बंद पेटीच्या आतल्या अंगावर, साच्यातच कोरून, ती घडवणाऱ्या मंडळींच्या सह्या होत्या. १९८२ च्या फेब्रुवारीत समारंभपूर्वक त्या सह्या घेतल्या होत्या. चित्रकार चित्रावर सही करतो तशी ही कल्पना, आणि ती हृद्य आहे हे मीही मान्य करतो. परंतु ज्याने पैसे मोजून यंत्र घेतले त्याने त्या सह्या कधी पाहू नयेत अशीच पेटीची रचना होती. मंदिराच्या पायात शिल्पकाराने नाव कोरावे, तसे.

दुसरा फाटा आयबीएमचा. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आलेला त्यांचा 'पर्सनल कॉम्प्युटर' पोलादी पत्र्याच्या आडव्या पेटीत होता. दिसायला रुक्ष, कचेरीतल्या फायलींच्या कपाटाचा धाकटा भाऊ. पण मागचे साधे स्क्रू काढले की झाकण सरकून निघे, आणि आत पाच खाचा. शिवाय त्याची मंडल-आकृती कंपनीने पुस्तकात छापून दिलेली. १९८३ च्या 'एक्सटी'त खाचा आठ झाल्या आणि दोन खाचांमधले अंतर ०.८ इंच, म्हणजे २०.३२ मिलिमीटर, ठरले. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे मला पुन्हा यायचे आहे. १९८४ च्या 'एटी'नंतर इतर कारखानदारांनी त्याच मापाचे, मग थोडे आखूड, 'बेबी एटी' म्हणवले जाणारे बोर्ड केले, आणि त्यांना बसतील अशा पेट्या तैवानातून हजारोंनी बाहेर पडू लागल्या. भोके त्याच जागी, खाचा त्याच अंतरावर. कोणी कायदा केला नव्हता, कोणी परिषद भरवली नव्हती. गावच्या सगळ्या विहिरींना एकाच मापाचे रहाट बसावेत तसे ते आपोआप घडत गेले.

ह्या पेट्या आपल्या देशात यायला थोडा अवधी लागला. आयबीएमने १९७७-७८ च्या सुमारास भारतातून गाशा गुंडाळला होता. १९८४ च्या नोव्हेंबरात राजीव गांधींच्या सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले आणि आयातीचे दरवाजे किलकिले झाले. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मुंबईचा लॅमिंग्टन रोड (पाटीवर दादासाहेब भडकमकर मार्ग) आणि पुण्याची तपकीर गल्ली येथे एक नवाच कारागीर दिसू लागला. तो बोर्ड एका दुकानातून, पेटी दुसऱ्यातून, हार्ड डिस्क तिसऱ्यातून उचली आणि संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकाला 'असेंबल्ड' यंत्र जोडून देई. शिंप्याकडे कापड टाकून सदरा शिवून घ्यावा, तसा संगणक शिवून घेण्याचा तो काळ होता. तयार कपड्यांची दुकाने होतीच. पण ती मध्यमवर्गाच्या खिशाला झेपणारी नव्हती. घरी आल्यावर त्या पेटीचे कोण कौतुक! फुलाफुलांचे आच्छादन, खोलीबाहेर चपला काढायचा दंडक, आणि खंडेनवमीला पत्र्यावर कुंकवाचे स्वस्तिक आणि झेंडूचे फूल.

त्या पेट्यांवर एक वस्तू असे, तिची आठवण नव्या पिढीला नाही. समोर हिरव्या किंवा तांबड्या प्रकाशाचा दोन अंकी आकडा चमके, ३३ किंवा ६६, आणि शेजारी 'टर्बो' लिहिलेले बटण. आकडा म्हणजे यंत्राचा वेग, अशी घरातल्या सर्वांची श्रद्धा. प्रत्यक्षात तो आकडा काहीच मोजत नसे. मागच्या बाजूला बारीक पिना असत, त्यांवर चिमुकल्या टोप्या, म्हणजे जंपर, बसवून दुकानदार हवा तो आकडा उमटवी. टर्बो बटण दाबले की तो दुसरा आकडा दाखवी, तोही आधीच ठरवून ठेवलेला. बटण स्वतः खरे होते, पण त्याचे काम नावाच्या उलटे: जुन्या मूळ पीसीच्या ४.७७ मेगाहर्ट्‌झ वेगाला बेतून लिहिलेले खेळ नव्या यंत्रावर बेफाम धावत, त्यांच्यासाठी यंत्राला हळू करण्याची ती सोय होती. मला वाटते, पेटी मनाजोगी करून घेण्याचा आपल्याकडचा पहिला प्रकार हाच. शाळकरी पोरे स्क्रू काढून जंपर हलवत आणि आकड्यांत ८८ आणून मित्रांना दाखवत.

हौसेला खरा बहर आला तो १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, आणि त्याचे मूळ शोभेत नव्हते, उष्णतेत होते. १९९८ च्या ऑगस्टमध्ये इंटेलने 'सेलेरॉन ३०० ए' नावाची स्वस्त चकती बाजारात आणली. ती ६६ मेगाहर्ट्‌झच्या ठोक्यावर ३०० ला चालावी अशी नेमलेली. पण ठोका १०० केला की तीच चकती पुष्कळदा ४५० ला बिनतक्रार चाले. दीडपट वेग फुकट! मात्र चकती तापे, आणि त्या वेळच्या पेट्यांत हवेची वाट अगदीच अरुंद. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९७९ साली घरगुती संगणकांच्या रेडिओ-उपद्रवावर निर्बंध घातले होते. तेव्हापासून आतल्या लहरी बाहेर पडू नयेत म्हणून पेट्या चहूकडून पत्र्याने बंदिस्त होत्या. ते निर्बंध झाले तेव्हा चकत्या फार तापत नव्हत्या, त्यामुळे कोणाला कळ लागली नाही. आता लागली. मग अमेरिकेत, युरोपात तरुण मंडळींनी पेटीच्या टपावर भोक-करवतीने ८० मिलिमीटरचे भोक पाडले आणि त्यात पंखा बसवला. पत्रा एकदा कापल्यावर हात थांबतो थोडाच! पुढे बाजूचा पत्रा कापून त्यात अॅक्रिलिकची खिडकी आली. आतले दिसू लागल्यावर आत दिवे आले, तेही चपट्या पडद्यांच्या मागे प्रकाशासाठी वापरतात त्या थंड नळ्यांचे. दिवे आल्यावर वायरी नीटनेटक्या बांधाव्या लागल्या. आणि बाहेरच्या त्या मळकट पांढऱ्या रंगावर मोटारीचा रंग चढला. १९९८ सालीच आलेल्या 'आयमॅक'च्या पारदर्शक निळ्या पेटीने 'संगणक पांढुरकाच असला पाहिजे' हा समज मोडला होता, त्याचाही ह्यात वाटा असावा.

पाच-सात वर्षांत कारखान्यांनी ही सगळी कला उचलली. खिडकी कापलेली पेटी दुकानात आयती मिळू लागली, मग रंगीत दिव्यांसह, आणि आता तर बाजूला सबंध काचच. दिवाळीत गुलाबी-निळ्या रोषणाईने उजळलेली ही काचपेटी मी पाहतो तेव्हा घरच्या आकाशकंदिलाच्या जागी टांगलेला प्लास्टिकचा आयता कंदील आठवतो. प्रकाश दोहोंचा सारखाच. कामट्या तासताना बोटाला गेलेली सल मात्र एकाच्याच वाट्याला येते.

ह्या सगळ्या काळात एक घटना शांतपणे घडून गेली होती, आणि घरी काम करणाऱ्याच्या दृष्टीने मी तिला सर्वांत मोठी मानतो. १९९५ साली इंटेलने 'एटीएक्स' नावाचे माप प्रसिद्ध केले. बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर, भोके अमुक ठिकाणी, मागची जोडण्यांची खिडकी सव्वासहा इंच गुणिले पावणेदोन इंच. खाचांमधले अंतर? तेच, एक्सटीचे, ०.८ इंच. त्या पहिल्या मसुद्यात वीजपुरवठ्याच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून चकतीवर फुंकावी अशी कल्पना होती; ती पुढे सोडून द्यावी लागली. कारण उघड आहे, आपल्याच अंगावरून तापवून आणलेल्या वाऱ्याने दुसऱ्याला काय गार करणार! पण खरा बदल होता बटणाचा. एटीच्या पेटीत समोरच्या बटणापर्यंत घरातली पूर्ण दाबाची वीज जाडजूड चार वायरींनी आणलेली असे: तपकिरी, निळी, काळी, पांढरी. त्या उलटसुलट जोडल्या तर ठिणगी, नाहीतर त्याहून वाईट. एटीएक्समध्ये समोरच्या बटणाकडे येतात दोन बारीक तारा, दाब फक्त पाच व्होल्ट. दोन तारा क्षणभर एकमेकींना टेकल्या की बोर्ड वीजपुरवठ्याला 'जागा हो' असे सांगतो. म्हणजे क्षणभर दाबून सोडायचे कोणतेही बटण चालते. दाराच्या घंटीचेसुद्धा.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. १९९९ साली घेतलेली एक एटीएक्स पेटी पुण्यात माझ्या घरी आहे. आतले सगळे केव्हाच निकामी होऊन गेले होते, आणि पेटी भंगारात द्यावी असा घरचा एकमुखी ठराव होता. पत्रा मात्र ठणठणीत. नवा बोर्ड आणून टेकवून पाहिला: भोके जुळली, मागची खिडकी जुळली, कार्डांच्या पट्ट्या जुळल्या. पाव शतक मध्ये गेले होते. ह्या देशात पाव शतकात नळाच्या तोट्यांचे आटे जुळत नाहीत, रेल्वेच्या डब्यांची पाण्याची झाकणे जुळत नाहीत. आणि ज्या धंद्यात दर सहा महिन्यांनी जुने फेकायला सांगतात, त्या धंद्यातले हे माप टिकून राहिले होते. त्या दिवशी मी पेटी ठेवायचे ठरवले.

अडचण एकच, हवेची. पुढच्या प्लास्टिकच्या मुखवट्याला हवा घ्यायला जागाच नव्हती; मागे एक ८० मिलिमीटरची जाळी, तीही पत्र्याला पाडलेल्या बारीक चिरांची, निम्मी हवा अडवणारी. आणि आजच्या चकत्या १९९९ च्या मानाने पुष्कळ तापणाऱ्या. पुढच्या बाजूला खाली १२० मिलिमीटरच्या पंख्याचे भोक पाडायचे ठरले. एवढ्या मोठ्या मापाची भोक-करवत घरी नसते. त्याला जुना उपाय आहे: कागदावर वर्तुळ काढून चिकटवावे, परिघाच्या आतून पंचाने खुणा करून ड्रिलने शेजारी शेजारी बारीक भोके पाडावीत, मधले दुवे पत्र्याच्या कात्रीने तोडावेत आणि अर्धगोल कानशीने घासत परिघापर्यंत यावे. पंख्याच्या चार स्क्रूंची भोके चौरसाच्या कोपऱ्यांवर, एकमेकांपासून १०५ मिलिमीटरवर. हे करताना पेटीत दुसरे काहीही असता कामा नये, कारण लोखंडाचा कीस बोर्डावर राहिला तर पहिल्याच दिवशी यंत्राला समाधी. काम झाल्यावर मी पेटी आधी ब्रशाने, मग ओल्या फडक्याने, मग लोहचुंबक फिरवून साफ केली. कापलेल्या कडेला त्याच दिवशी रेड ऑक्साइड लावले. पावसाळ्यात उघडा पत्रा दोन दिवसांत तांबूस होतो.

जाळी कशाची करावी, हा प्रश्न होता. तयार प्लास्टिकची मिळते, पण ती मनाला येईना. कसबा पेठेतल्या तांबट आळीत माझ्या ओळखीचे एक वयस्क कारागीर आहेत, त्यांच्याकडे पेटीचा मुखवटा घेऊन गेलो. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला.

"काय तापतंय ह्याच्यात?"

मी म्हटले, "काका, आत एक चकती आहे. ती तापते. पंख्याने हवा खेळवायची."

"मग हवा शिरायची कुठनं? बंबाला खाली जाळी लागते आन् वर धुराडं. जाळी बुजली की बंब धुमसतो. तुमच्या ह्या खोक्याला धुराडं दिसतंय, जाळीच न्हाई."

शीतकरणावरची चार पुस्तके वाचून मी ज्या निष्कर्षाला आलो होतो, तो त्यांनी मुखवटा हातात घेऊन अर्ध्या मिनिटात सांगितला. काटेकोर बोलायचे तर पेटीत गरम हवा आपोआप वर चढण्याचा जोर पंख्यापुढे नगण्य असतो, बंबासारखा तो तिथे कामाचा नाही. पण वाट तीच: खालून पुढून आत, वरून मागून बाहेर. त्यांनी तांब्याचा पत्रा घेतला, कडेला एक इंच मठाराचे काम ठोकले आणि मध्ये मी आखून दिलेल्या जागी भोके पाडली. निम्म्याहून अधिक भाग मोकळा राहिला पाहिजे एवढाच माझा आग्रह होता. भोकांची नक्षी त्यांची. मजुरी विचारली तेव्हा म्हणाले, "बंबाला गिऱ्हाईक न्हाई राहिलं. हे तरी बघू." पैसे मात्र चोख घेतले, आणि मला ते आवडले.

मुखवट्याचे प्लास्टिक खिडकीच्या बाजूने पिवळे पडले आहे. ह्या प्लास्टिकला आग लागू नये म्हणून त्यात ब्रोमिनची संयुगे मिसळीत; ती आणि मूळ प्लास्टिक दोन्ही प्रकाशाने व हवेने बिघडत जातात. २००८ साली जुन्या यंत्रांच्या हौशी मंडळींनी त्यावर तोड काढली: हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप द्यायचा आणि उन्हात ठेवायचे. औषधाच्या दुकानातला पेरॉक्साइड आणि आपले वैशाखातले ऊन, दोहोंना पैसे फारसे पडत नाहीत. प्लास्टिक पांढरे होते. पुष्कळदा काही वर्षांनी पुन्हा पिवळे पडते. मी तो उद्योग केला नाही. तांब्याशेजारी तो पिवळा रंग विजोड दिसत नाही, हे एक कारण. बाजूचा पत्रा घासताना रंगाच्या खाली गेलेले कुंकवाचे डाग निघाले, तेही तसेच राहू दिले. बाकी पत्र्याला लांबी भरली, पॉलिश-पेपर मारला आणि करडा रंग दिला. सुरू करायला पितळेचे घंटीचे बटण.

जुन्या यंत्रांचे संग्राहक अशा कामावर रागावतात. जुनी पेटी कापणे म्हणजे जुन्या वाड्याच्या भिंतीला खिडकी पाडणे, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे, आणि मी त्याला मर्यादा घालून मान देतो. अॅपल वन सोडा, पण बेबी एटीची, आकडा चमकवणारी पेटी जरी आज कोणाच्या माळ्यावर सापडली, तरी तिला कानस लावू नये. त्या आता विरळा झाल्या आहेत, आणि आजचा बोर्डही तिच्यात धड बसणार नाही. १९९९ ची बिननावाची एटीएक्स पेटी ही गोष्ट वेगळी. ती लाखांनी झाली आणि लाखांनी वितळली. तिचे जतन म्हणजे तिला काचेमागे ठेवणे नव्हे. तिच्यात बोर्ड बसतो तोवर बसवणे. इ-कचऱ्याचे नियम आपल्याकडे २०११ साली झाले, २०१६ आणि २०२२ मध्ये सुधारले. त्यांत उत्पादकावर जबाबदारी टाकली आहे, ते योग्यच. पण भंगारवाल्याच्या काट्यावर ही पेटी म्हणजे सहा-सात किलो पत्रा, ह्यापलीकडे तिची किंमत होत नाही.

उलट बाजूला, आज घरात येणारी पुष्कळशी यंत्रे उघडण्यासाठी केलेलीच नसतात. स्मृती बोर्डावर डाखलेली, घट डिंकाने चिकटवलेला. मॅकिन्टॉशच्या पेटीला निदान स्क्रू तरी होते. माझ्या भाच्याच्या यंत्राची स्मृती वाढवायची होती, तेव्हा दुरुस्तीवाल्याने ते हातात घेतले, पालथे केले आणि परत दिले. पेटीवर मेहनत घेण्याचे दिवस गेले असे मी म्हणत नाही. सुटे भाग जोडून यंत्र करणारे अजून पुष्कळ आहेत आणि एटीएक्सचे बोर्ड अजून निघत आहेत. मात्र ती आता निवड झाली आहे, पूर्वी ती रीत होती.

माझ्या पेटीच्या तोंडाला वर सीडी-ड्राइव्हचे दोन खण होते. आता तिथे बसवायला काही नाही. एका खणात मी सागाचा छोटा ड्रॉवर करून घेतला. त्यात उरलेले स्क्रू ठेवतो. तेही दोन प्रकारचे असतात, हे पेटी न उघडणाऱ्याला कधी कळत नाही: हार्ड डिस्कचे आणि पेटीचे स्क्रू इंची मापाचे, जाड आट्यांचे, सीडी आणि फ्लॉपी ड्राइव्हचे मेट्रिक, तीन मिलिमीटरचे, बारीक आट्यांचे. दिसायला भावंडे, पण एकाच्या जागी दुसरा पिळला की आटा कायमचा जातो. ड्रॉवरच्या मधोमध सुताराने एक पट्टी घातली आहे. डावीकडे इंची, उजवीकडे मेट्रिक.